इंजिनाचे दुखणे आणि त्याचे निदान



गाडी रस्त्यात साफ बंद पडली तर ते एक वेळ परवडते. चार माणसे हात लावतात, गाडी कडेला घेतात, आणि पुढे काय करायचे ते ठरवता येते. पण गाडी चालते आहे आणि तरी नीट चालत नाही, चढावर दम टाकते, सिग्नलला उभी राहिली की हिवताप भरल्यासारखी थरथरते, हे दुखणे फार चिवट. अशा गाडीला आपल्याकडचे मेकॅनिक ‘मिसिंग करते’ म्हणतात. शब्द इंग्रजी खरा, पण मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत तो सगळीकडे समजतो, म्हणून मीही तोच वापरणार आहे. मी यंत्रशास्त्रातला माणूस नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. तर्कशास्त्राच्या मास्तराने इंजिनात हात का घालावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे आपोआप येईल.

मिसिंग म्हणजे काय, ते आधी पाहू. साध्या पेट्रोल गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण येते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलाला सुमारे पंधरा भाग हवा लागते. पिस्टन वर येऊन हे मिश्रण दाबतो, प्लगची ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. गाडी उभी असून इंजिन नुसते चालू आहे, मिनिटाला त्याचे ८०० फेरे होत आहेत, असे धरा. एका सिलिंडरात दर दोन फेऱ्यांना एकदा मिश्रण जळते. म्हणजे मिनिटाला ४०० वेळा. चारही सिलिंडर मिळून १६०० ठोके झाले. सेकंदाला सव्वीस-सत्तावीस! इतके ठोके सारख्या अंतराने पडतात म्हणून आपल्याला ती एकसंध घरघर वाटते. यांतले एक सिलिंडर गप्प बसले की दर चौथा ठोका चुकतो. पालखीच्या चार भोयांपैकी एकाने खांदा काढून घेतला, तर पालखी पुढे जाते, पण हेलकावे खात जाते, तसेच हे.

आता आमच्या गाडीची हकिकत सांगतो. ती १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली. ही गाडी ज्यांना ठाऊक नाही असे श्रोते थोडेच असतील. इटलीतल्या फियाट कंपनीची ही मूळ गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून निघू लागली, आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी, असे कित्येक वर्षे समीकरण होते. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. खाजगी पद्मिनी मात्र, तपासणी करून आणि कर भरून नोंदणी वाढवून घेतली तर, अजून चालवता येते. तशी ती आम्ही चालवतो.

एका जून महिन्यात ही गाडी मिसिंग करू लागली. मी राहतो दादरला, आणि त्या दिवसांत आठवड्यातून तीन वेळा गिरगावात काम असे. घरून निघताना गाडी ठणठणीत. हिंदमाता ओलांडायचे, परळ मागे टाकायचे, आणि लालबागच्या सिग्नलला उभे राहिलो की थरथर सुरू. रेस दिली की गाडी सुधारे; पाय काढला की पुन्हा तेच. गिरगावात पोचेपर्यंत प्रत्येक सिग्नलला माझाच जीव वरखाली होई. मुंबईचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हिंदमाता म्हणजे काय ते सांगायला नको. जरा जोराची सर आली की तिथे गुडघाभर पाणी! मी मनाशी ठरवून टाकले की पाणी डिस्ट्रिब्युटरवर उडते, ठिणगी गळते, आणि म्हणून गाडी मिसिंग करते. पुस्तकातही पावसाळी मिसिंगचे कारण हेच दिलेले असते.

एका गॅरेजात गाडी नेली. त्यांनी दिवसभरात चारही प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, पॉइंट आणि कंडेन्सर नवे घातले, कॉइल बदलली आणि कार्ब्युरेटर उघडून धुतला. रात्रभर गाडी तिथेच राहिली. सकाळी मी घ्यायला गेलो तर इंजिन शिवणयंत्रासारखे चालत होते. पैसे देऊन खुशीत घरी आलो. घर जवळच होते. पुढचे दोन दिवस गाडी बाजारापलीकडे नेलीच नाही. चौथ्या दिवशी गिरगावला निघालो, आणि लालबागला पुन्हा थरथर. परत गेलो तेव्हा गॅरेजवाले म्हणाले, “आता बाहेरचं काही राहिलं नाही. इंजिन उतरवावं लागेल.” चाळीस हजारांचा अंदाज त्यांनी कागदावर लिहून दिला. घरात दोन दिवस खल झाला. अखेर भंगारात काय येईल याचीही मी चौकशी केली. आईला ते सांगितले नव्हते.

भंगारवाल्याचा निरोप येण्याआधी एका सहकाऱ्याने लालबागला एका मिस्त्रींकडे पाठवले. पुलाच्या बाजूने आत गेलेल्या गल्लीत, एका जुन्या चाळीखाली त्यांची जागा. दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी. मिस्त्री साठीच्या पुढचे. वडील गिरणीत, साचेखात्यात होते. १९८२ चा संप झाला आणि घर चालवायला हा मुलगा टॅक्सीच्या गॅरेजात लागला, तेव्हापासून पद्मिनी हीच त्यांची शाळा. बोनेट उघडण्याआधी त्यांनी विचारले, “काय त्रास आहे, सर?”

“पावसात मिसिंग करते,” मी म्हणालो.

“पावसात करते, की पावसाळ्यात करते?”

मी गप्प झालो. दोन्हींत फरक आहे हे मला, तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला, तोवर सुचले नव्हते.

“कोरड्या दिवशी झालं का कधी?” त्यांनी विचारले. आठवून पाहिले तर झाले होते. एकदा नव्हे, दोनदा.

“घरून निघाल्यापासून इथवर गाडीत काय काय बदलतं?”

मी सांगू लागलो: हिंदमाताचे पाणी, खड्डे, सिग्नल, गर्दी.

“आणि इंजिन तापतं,” ते म्हणाले. “ते राहिलंच तुमचं. गाडी ठेवून जा. थंड होऊ दे. संध्याकाळी सहाला या.”

सहाला गेलो. गाडी छपराखाली, कोरडी, जागच्या जागी उभी. मिस्त्रींनी इंजिन चालू केले आणि स्टुलावर बसून चहा मागवला. मी घड्याळ पाहत होतो. पाच मिनिटे झाली, दहा झाली. इंजिन सुरेख चालले होते. चौदाव्या मिनिटाला पहिला झटका बसला, आणि मग नेहमीची थरथर. पाऊस नाही, हिंदमाता नाही, खड्डा नाही. दादरहून लालबागला यायला मला जेवढा वेळ लागे तेवढाच वेळ झाला होता. पाणी, रस्ता आणि उष्णता या तीन गोष्टी माझ्याबरोबर रोज एकत्र प्रवास करत होत्या. त्यांतल्या दोन मिस्त्रींनी एका कप चहात बाजूला काढल्या.

पुढचे काम पाहण्यासारखे होते. आधी त्यांनी सायलेन्सरच्या तोंडापाशी तळहात धरला. धुराचा ठोका ठराविक अंतराने चुकत असेल तर दोष एका सिलिंडराचा. कधी चुकतो, कधी नाही, असे असेल तर बहुधा सगळ्यांना मिळून होणाऱ्या पुरवठ्याचा, म्हणजे कार्ब्युरेटर किंवा पॉइंट यांचा. आमच्या गाडीचा ठोका नेमाने चुकत होता. मग रबरी मुठीची पक्कड घेऊन त्यांनी प्लगची एकेक वायर क्षणभर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन आणखी ढासळले; म्हणजे ते सिलिंडर काम करत होते. दुसरी काढली, तसेच. तिसरी काढली, आणि काहीच झाले नाही! जो काम करत नाही त्याला कामावरून काढले तर फरक कसा पडणार? चौथी काढली, पुन्हा इंजिन ढासळले. दोषी तिसरे.

पण तिसऱ्यात दोष कशाचा? सिलिंडर पेटायला मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि दाब या तीन गोष्टी लागतात. मिस्त्रींनी तिसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात घातला. दोष प्लगबरोबर गेला असता तर आता पहिले सिलिंडर गप्प बसायला हवे होते. ते बसले नाही, तिसरेच बसले. वायर बदलून पाहिली, तरी तिसरेच. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, पाहायचे, मगच दुसरीला हात लावायचा. मग प्लग काढून दाब मोजण्याचे घड्याळ लावले. तापलेल्या इंजिनात पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या सिलिंडरात काटा ९ किलोच्या आसपास गेला. तिसऱ्यात ४ वर अडला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पुन्हा मोजले, तर तिसऱ्यातही काटा साडेआठपर्यंत चढला.

“पिस्टन, रिंगा झिजल्या असत्या तर सकाळी पण दाब मिळाला नसता,” मिस्त्री म्हणाले. “झडप तापली की उघडी राहतेय. मागं कुणी टॅपेट आवळले का?”

आवळले होते. मे महिन्यात. आणि ते मीच सांगितले होते! गाडी टकटक आवाज करते, पाहुण्यांसमोर बरे दिसत नाही, म्हणून मी कोपऱ्यावरच्या एका पोराला टॅपेट आवळायला लावले होते. सिलिंडरातला धूर बाहेर जाण्यासाठी झडप असते. ती उघडणारा दांडा आणि झडप यांच्यामध्ये थोडे अंतर ठेवावे लागते. साधारण आपल्या पोस्टकार्डाच्या जाडीच्या आसपास. नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते. झडप तापली की लांबते. अंतर असेल तर ती लांबूनही घट्ट बसते. अंतरच ठेवले नाही, तर लांबलेली झडप टेकते आणि केसभर उघडी राहते. दाब तिथून निसटतो. इंजिन वेगात असले की निसटायला वेळ कमी मिळतो, म्हणून रेस दिल्यावर गाडी सुधारे. संथ चालताना वेळच वेळ, म्हणून सिग्नलला थरथर. शिवाय त्या फटीतून जळता वायू सारखा जात राहिला तर झडपेची कड जळून जाते. आणखी एखादा महिना असाच गेला असता तर चाळीस हजारांचा तो कागद खरा ठरला असता.

“आवाज करणारा टॅपेट परवडला, सर,” मिस्त्री म्हणाले. “गप्प झालेला झडप खातो.” अर्ध्या तासात त्यांनी आठही झडपांचे माप लावून दिले.

आता त्या पहिल्या गॅरेजाचे काय चुकले, ते पाहा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. सामान बदलले आणि गाडी सुधारली, हे खरे. पण ती सुधारली रात्रभर थंड झाली म्हणून. माझी चूकही त्याच जातीची. पाऊस सुरू झाला आणि मिसिंग सुरू झाले, म्हणून पाऊस हे कारण. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली तर्कशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला आणि कारण शोधण्याच्या पद्धती त्यात मांडल्या. (लालबागेत ‘मिल’ म्हटले की कापडाची गिरणी, तिथे हे नाव घेताना मला खुलासा करावा लागला.) सगळी परिस्थिती तीच ठेवून एकच गोष्ट बदलली आणि परिणाम बदलला, तर त्या गोष्टीचा त्या परिणामाशी कारणसंबंध आहे, ही व्यतिरेकपद्धती. एक गोष्ट कमीजास्त होते तशी दुसरीही कमीजास्त होते, ही सहचारी परिवर्तनाची पद्धती. मी या पद्धती वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो, मुले त्या उतरवून घेत आली, आणि परीक्षेत व्याख्या बिनचूक येत. शिक्षक श्रोत्यांना माझे सांगणे एवढेच, की व्याख्येच्या आधी प्रश्न द्या. दादर, हिंदमाता, लालबाग हे कोडे मी पुढच्या वर्षी वर्गात घातले. पाणी, रस्ता की उष्णता, हे कसे ठरवाल? दहा मिनिटे वर्गात नुसता गोंधळ होता. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, गाडी घरापाशीच चालू ठेवून बघितली का?” त्या दिवशी व्याख्या सांगायला फक्त पाच मिनिटे लागली.

मात्र ही पद्धत म्हणजे जादू नव्हे. जुन्या गाडीत बहुधा एका वेळी दोन दुखणी असतात. टॅपेट लावल्यावर आमच्या गाडीचे चारही सिलिंडर बोलू लागले, तरी बारीकशी थरथर उरलीच. मिस्त्रींनी चोक हळूच ओढला. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त होते. इंजिन लगेच सुधारले. म्हणजे हवा कुठून तरी जादा शिरत होती. कार्ब्युरेटरखालचे पॅकिंग, गॅरेजात तो काढून बसवताना, एका बाजूला दबले होते. ज्ञात कारण वजा करून उरलेल्याचे कारण शोधायचे, याला मिलने अवशेषपद्धती म्हटले आहे. मिस्त्री त्याला काहीच म्हणत नाहीत.

गावाकडच्या श्रोत्यांना उपयोगी पडतील अशा आणखी काही गोष्टी सांगतो. मिसिंग खरोखरच पावसात होत असेल तर रात्री अंधारात, इंजिन चालू ठेवून, दुरूनच बोनेटखाली पाहावे. वायरींवरून निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतात. इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि वायरी कोरड्या फडक्याने पुसल्या तर काम भागते, झाकणाला तडा असेल तर ते बदलावे. चढावर, ओझे असताना झटके बसत असतील तर प्लगचे अंतर, पॉइंट आणि कॉइल आधी पाहावी. प्लग बदलल्यानंतरच मिसिंग सुरू झाले असेल तर वायरींची अदलाबदल झाली नाही ना, ते तपासा. पद्मिनीत ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो.

पेट्रोलाचेही ध्यानात ठेवावे. २०२५ पर्यंत आपल्या देशातल्या पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास आले. हे इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून आणि धान्यापासून होते, तेव्हा ऊस लावणाऱ्या श्रोत्यांना त्याचा आनंदच असणार. पण जुनी गाडी बांधली तेव्हा हे पेट्रोल नव्हते. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुन्या रबरी नळ्यांना त्रास देते, आणि त्याच्या अंगी प्राणवायू असल्यामुळे त्याच जेटमधून मिश्रण थोडे पातळ होते. पातळ मिश्रण संथ चालीला नीट पेटत नाही. म्हणून रबरी नळ्या नव्या प्रतीच्या घालाव्यात, आणि गाडी महिनोन् महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नये.

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते, तिथे प्लगची वायर काढण्याचा प्रश्न नाही. जुन्या धर्तीच्या ट्रॅक्टरवर किंवा जीपवर जाणकार मेकॅनिक एकेका सिलिंडरच्या डिझेलच्या नळीचा नट किंचित सैल करून हीच परीक्षा घेतात. ती स्वतः करू नका. डिझेलची बारीक धार दाबाने कातडीत घुसते, आणि नव्या कॉमन रेल इंजिनावर तर हा प्रयोग जिवावर बेतेल. पेट्रोल गाडीतही प्लगच्या वायरीत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब असतो. ओल्या हाताने किंवा उघड्या पकडीने तिला शिवू नये. नव्या संगणकवाल्या गाड्यांची वायर चालू इंजिनावर काढूच नये. त्यांचे दोष यंत्र लावून वाचतात. बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. धोतराचा सोगा, पदर, उपरणे पंख्याच्या पट्ट्यापासून लांब.

आमची पद्मिनी आता सिग्नलला स्वस्थ उभी राहते. टकटक मात्र करते. पाहुणे विचारतात, “गाडीत काही सैल झालंय का?” मी सांगतो, टॅपेट आहे, असू दे.